पाँटिंग नाही, सचिन नाही, तरीही फातोर्ड्याला!

परवा संध्याकाळी तेरेखोलच्या धक्क्यावर आम्ही फेरीबोटीची वाट बघत बसलो होतो. समोर केरीच्या बाजूला दिवे लागत होते आणि बोट अजून पलीकडेच होती. नवरात्रासाठी मामांकडे आलो होतो, आता परत पणजीला निघायचं होतं. माझी मुलगी दहावीत आहे. अभ्यासाच्या वहीचं मागचं पान उघडून ती काहीतरी लिहीत होती.

‘‘कसली यादी?’’ मी विचारलं.

‘‘न येणाऱ्यांची.’’

तिने वही माझ्यापुढे धरली. वर सहा नावं होती : पाँटिंग, वॉटसन, जॉन्सन, बोलिंजर, हॅडिन, हेझलवूड. मध्ये एक रेघ. रेघेखाली पाच : सचिन, सेहवाग, गंभीर, झहीर, हरभजन.

‘‘अकरा झाले बाबा! न येणाऱ्यांचा अख्खा संघ तयार झाला. आणि आपण जाणार कोणाला बघायला?’’

प्रश्न बिनतोड होता. येत्या २४ ऑक्टोबरला, रविवारी, मडगावजवळ फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा एकदिवसीय सामना आहे. तीन सामन्यांच्या मालिकेतला हा शेवटचा. पहिला १७ तारखेला, म्हणजे ऐन दसऱ्याला, कोचीत, दुसरा २० तारखेला विशाखापट्टणमला. आम्ही जायचं ठरवलं होतं. मी, मुलगी आणि मामा. आता मुलगीच फितूर व्हायला लागली होती.

मामा शेजारीच बसले होते. त्यांचं वय आता त्रेसष्ट. धक्क्याच्या वर त्यांचं छोटं दुकान आहे. यादी त्यांनी ऐकली, थोडा वेळ पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘गो, नाय इल्यांची गजाल कित्याक करतंस? जे इले ते खेळतले.’’

जे आले नाहीत त्यांच्या गप्पा कशाला? जे आले ते खेळतील. एवढं बोलून ते बोट आली का बघायला उठले. मला मात्र हे वाक्य पूर्वी ऐकल्यासारखं वाटलं. कुठे ऐकलं, ते पुढे सांगतो. आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण तुमच्यापैकीही बऱ्याच जणांच्या घरी हाच प्रश्न निघाला असणार.

कोण नाही आणि का नाही

ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला तो दोन कसोटींसाठी. दोन्ही त्यांनी गमावल्या. मोहालीत लक्ष्मणने दुखऱ्या पाठीने, धावक घेऊन नाबाद ७३ धावा काढल्या आणि आपण एका गड्याने जिंकलो. बंगळुरूत सचिनने २१४ काढल्या, पदार्पण करणाऱ्या पुजाराने दुसऱ्या डावात ७२, आणि मालिका २-० झाली. पाँटिंग, वॉटसन आणि मिचेल जॉन्सन यांचा मुक्काम तिथेच संपला. नोव्हेंबरच्या २५ तारखेला ब्रिस्बेनमध्ये इंग्लंडविरुद्ध अ‍ॅशेस सुरू होते आहे आणि ऑस्ट्रेलियाला तिच्यापुढे दुसरं काही दिसत नाही. बोलिंजर मोहालीत दुखावला. यष्टिरक्षक हॅडिन आधीपासूनच जायबंदी आहे. तरुण जॉश हेझलवूड पाठीच्या दुखण्यामुळे येऊ शकला नाही.

आपल्याकडेही काही वेगळं नाही. सचिन, सेहवाग, झहीर आणि हरभजन यांना विश्रांती दिली आहे, गंभीर जायबंदी आहे. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडशी कसोटी मालिका आहे, पाठोपाठ दक्षिण आफ्रिकेचा दौरा आणि १९ फेब्रुवारीपासून आपल्याच अंगणात विश्वचषक. त्याचा अंतिम सामना २ एप्रिलला वानखेडेवर. एवढं सगळं समोर असताना सदतीस वर्षांच्या सचिनला तीन सामन्यांसाठी पळवणं शहाणपणाचं नाही, हे कोणीही मान्य करेल.

तरी मुलीची तक्रार खोटी ठरत नाही. तिकीट घेणारा माणूस पूर्ण पैसे मोजतो. संघ निम्मा आला म्हणून तिकीट निम्म्या दरात मिळत नाही. मोठ्या शहरांत वर्षाला दोन-तीन सामने होतात, एखादा हुकला तर पुढचा असतो. गोव्यात तसं नाही. फातोर्ड्याला याआधीचा एकदिवसीय सामना झाला फेब्रुवारी २००७ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. पावणेचार वर्षांनी पान वाढलं आणि त्यातून नेमकी बासुंदी उचलली, असं वाटलं तर राग येणारच.

पण राग आला म्हणून पान तसंच टाकून उठायचं का? मला वाटतं, नाही. आणि त्याचं पहिलं कारण फार जुनं नाही, बरोबर गेल्या वर्षीचं आहे.

गेल्या वर्षीचा ‘अर्धा’ संघ

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलिया सात एकदिवसीय सामने खेळायला भारतात आली. तेव्हा पाँटिंग होता, पण बाकी संघाची रोज गळती चालली होती. क्लार्क आणि हॅडिन नव्हते. ब्रेट ली एक सामना खेळून कोपरामुळे परतला. जेम्स होप्सची मांडी दुखावली. हॅडिनच्या जागी आलेल्या टिम पेनचं नागपूरला बोट मोडलं. सिडल गेला, हेन्रिक्स गेला. बदली खेळाडू विमानातून उतरत होते आणि जायबंदी विमानात चढत होते.

आणि निकाल? ऑस्ट्रेलियाने मालिका ४-२ अशी जिंकली. आपल्याविरुद्ध, आपल्याच मैदानांवर.

त्यातला ५ नोव्हेंबरचा हैदराबादचा सामना तर कोणीच विसरणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या ३५० धावा. सचिन एकटा लढत होता, १७५ पर्यंत पोहोचला होता, विजय हाताशी आला होता. तेवढ्यात यष्टींमागे चेंडू उचलायला गेला आणि झेल उडाला. आपण तीन धावांनी हरलो. तो बळी घेणारा गोलंदाज होता क्लिंट मकाय, आणि तो त्याचा पहिलाच एकदिवसीय सामना होता. ली, सिडल धडधाकट असते तर मकाय त्या दिवशी मेलबर्नमध्ये घरी बसून सामना बघत असता.

हाच मकाय आता पुन्हा येतो आहे. पेन आणि होप्सही. गेल्या वर्षी अर्धवट सुटलेला दौरा पुरा करायला आल्यासारखे. पेनने मोहालीत ९२ धावा काढून दाखवल्या आहेतच.

(त्या मालिकेचा सातवा सामना नेरूळला ११ नोव्हेंबरला होता. एकही चेंडू पडला नाही. कोकणच्या किनाऱ्यावर त्या दिवशी फयान वादळ आलं होतं. आमच्या भागात कोणालाच तेव्हा क्रिकेटची आठवण नव्हती. समुद्रात गेलेल्या होड्या परत आल्या का, एवढंच सगळे विचारत होते.)

जिंकणारे आणि हरणारे

अर्धा संघ नेहमीच जिंकतो, असं मात्र समजू नका.

गेल्या वर्षी जुलैमध्ये वेस्ट इंडिजच्या मुख्य खेळाडूंनी मंडळाशी भांडण होऊन खेळायला नकार दिला. मंडळाने फ्लॉइड रायफरच्या हाताखाली दुसराच संघ उभा केला. बांगलादेशने त्यांना दोन्ही कसोटींत आणि तिन्ही एकदिवसीय सामन्यांत हरवलं. आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर याच वर्षीचं आहे. जूनच्या सुमारास सुरेश रैनाच्या नेतृत्वाखाली आपण दुय्यम संघ झिम्बाब्वेला पाठवला. तो झिम्बाब्वेकडून दोनदा हरला आणि तिरंगी मालिकेच्या अंतिम सामन्यातही पोहोचला नाही. घरी बसून आपण सगळ्यांनी बोटं मोडली. पण त्याच दौऱ्यात रविचंद्रन अश्विन पहिला एकदिवसीय सामना खेळला. नंतर गेल्या महिन्यात दक्षिण आफ्रिकेत झालेल्या चॅम्पियन्स लीगमध्ये चेन्नई जिंकली, तेव्हा मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

एकाच दौऱ्यात दोन्ही बाजू बघायच्या असतील तर २००६ चा इंग्लंड संघ आठवा. कर्णधार वॉन गुडघ्यामुळे परतला, ट्रेस्कॉथिक घरी गेला, सायमन जोन्स जायबंदी, जाइल्स आलाच नव्हता. वेस्ट इंडिजमध्ये इंग्लंड ‘अ’ संघाबरोबर असलेल्या एकवीस वर्षांच्या अ‍ॅलिस्टर कुकला घाईघाईने नागपूरला बोलावलं. त्याने पहिल्याच कसोटीत ६० आणि नाबाद १०४ धावा काढल्या. त्याच सामन्यात माँटी पानेसरने पहिला बळी मिळवला, तो सचिनचा. पुढे वानखेडेवर हा मोडका संघ २१२ धावांनी जिंकला आणि मालिका १-१ अशी सोडवली. शेवटच्या डावात सदतीस वर्षांच्या शॉन उडालने १४ धावांत चार बळी घेतले.

आणि मग हेच इंग्लंड एकदिवसीय सामन्यांत ५-१ असं हरलं. त्यातला एक पराभव आपल्या फातोर्ड्याचा. ३ एप्रिल २००६, युवराजच्या १०३, आपण ४९ धावांनी विजयी.

म्हणजे निकालाचं गणित यातून निघत नाही. एक गोष्ट मात्र दर वेळी दिसते. मोठी माणसं बाजूला झाली की कोणाच्यातरी नशिबाचं दार उघडतं. त्या दारातून आत येणारा टिकतो की परत जातो, हे आपल्याला मैदानावर, आपल्या डोळ्यांसमोर बघायला मिळतं.

मडगावच्या माणसांना तर हे सांगायलाच नको. भारताकडून कसोटी खेळलेले दिलीप सरदेसाई मडगावचेच, जन्म १९४० चा. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी संघ निवडला तेव्हा त्यांचं नाव पक्कं मुळीच नव्हतं. कसेबसे शेवटी आत आले. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत विश्वनाथ जायबंदी, आणि नवखा गावसकर दुखऱ्या बोटामुळे बाहेर. अशा संघातून सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. मालिकेत एकूण ६४२. भारताने वेस्ट इंडिजमध्ये जिंकलेली ती पहिली मालिका.

सात जण आले होते

आता मामांच्या वाक्याची गोष्ट.

१९८४ चा डिसेंबर असेल. मी बारा वर्षांचा, आजोळी आलेला. भातकापणी झाली की रेडीच्या बाजूच्या एका मोकळ्या कुणग्यात खेळपट्टी तयार व्हायची. तेरेखोल गाव लहान, डोंगरउतारावरचं, तिथे सपाट जागा कुठून मिळणार? म्हणून आमचा संघ तेरेखोल-रेडीचा मिळून. मामा त्याचे कर्णधार. नदीपलीकडून केरीचा संघ फेरीबोटीने यायचा. आता गंमत अशी, की तेरेखोल हे गोव्यात, रेडी महाराष्ट्रात, आणि केरी पुन्हा गोव्यात. त्यामुळे हा सामना नेमका कोणत्या राज्याचा कोणत्या राज्याशी, हे कोणालाच सांगता येत नसे. कोणी विचारतही नसे.

त्या दिवशी बोटीतून सातच जण उतरले. कोणाकडे लग्न निघालं होतं, दोघे होडीवर गेले होते, एकाला ताप. आमच्यातले काही जण लगेच म्हणाले, चला, जिंकलो, सामना सोडून द्या. एक जण म्हणाला, अर्ध्या टीमला हरवून काय मोठेपणा?

मामा म्हणाले, ‘‘इले ते खेळतले.’’ आणि आमच्यातले चार जण त्यांनी केरीला उसने दिले. तीन मोठे होते. चौथा मिळेना. मी झाडाखाली गुणलेखकाची वही घेऊन बसलो होतो. मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तोवर मी मोठ्यांच्या सामन्यात कधी मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. केरीच्या कर्णधाराने मला डीप मिडविकेटला, म्हणजे बांधाच्या अगदी कडेला उभं केलं, जिथे चेंडू येण्याची शक्यता सर्वांत कमी. फलंदाजीला आमचे मामा. आठव्या की नवव्या षटकात त्यांनी एक चेंडू उचलला तो थेट माझ्याकडे. मी डोळे मिटले की उघडे ठेवले, आठवत नाही. हात मात्र पुढे केले होते. चेंडू त्यात बसला.

सख्ख्या मामाचा झेल. क्षणभर कोणाला काय बोलावं कळेना. मग केरीचे सातही जण माझ्याकडे धावत आले.

सामना आम्हीच जिंकलो. आम्ही म्हणजे तेरेखोल-रेडीने, म्हणजे मी हरलो. संध्याकाळी मामांनी मला सोडा पाजला आणि धक्क्यावर केरीच्या पोरांना सांगितलं, ‘‘पुढच्या खेपेक अकरा जण या, पण ह्याका आता आम्ही देवचो नाय.’’ पुढच्या वर्षीपासून मी संघात होतो. केरीचे चार जण आले नाहीत म्हणून. त्या चौघांची नावं मला आजही माहीत नाहीत, पण त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मग बघायचं कोणाला?

हे सगळं फेरीबोटीत मुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वहीचं पान उलटलं. ‘‘ठीक आहे. मग येणाऱ्यांची नावं सांगा.’’ आमच्या यादीतली काही नावं तुमच्यासाठीही देतो.

मायकेल क्लार्क. या मालिकेपुरता पूर्ण कर्णधार. त्याच्या कप्तानीखाली ऑस्ट्रेलिया मे महिन्यात वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. पण नुकत्याच झालेल्या कसोटींत त्याची बॅट पार गप्प होती, चार डावांत एकदाही त्याला वीसपर्यंत जाता आलं नाही. पाँटिंगनंतर कोण, या प्रश्नाचं उत्तर त्याला धावांनी द्यायचं आहे. उपकर्णधार कॅमरून व्हाइट शेवटच्या दहा षटकांत काय करू शकतो, त्यावरही लक्ष ठेवा. हे दोघे शेवटपर्यंत टिकले तर धावफलक फुगणार, हे नक्की.

मायकेल हसी तर भारतीय मैदानं आपल्या गल्लीसारखी ओळखतो. पेन आणि शॉन मार्श बहुधा सलामीला येतील. मार्शला पंजाबकडून खेळताना आपण पाहिलं आहेच.

गोलंदाजीत खरी अनोळखी मंडळी आहेत. हेझलवूडच्या जागी आलेला मिचेल स्टार्क अवघा वीस वर्षांचा, उंच, डावखुरा. जॉन हेस्टिंग्जही अजून आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळलेला नाही. स्टीव्हन स्मिथ एकवीस वर्षांचा, लेगस्पिन टाकतो आणि खालच्या क्रमांकावर धडाकेबाज फलंदाजी करतो. तो शेवटी गोलंदाज होणार की फलंदाज, याचा निकाल बहुधा त्यालाही ठाऊक नसेल. हॉरिट्झला बंगळुरूत सचिनने लागोपाठ दोन षटकार मारून शतक गाठलं होतं. तो घाव भरून काढायची संधी त्याला आहे, आणि समोर सचिन नाही, हे त्याच्या पथ्यावरच पडेल.

आता आपले. विराट कोहली एकवीस वर्षांचा आहे, दोन एकदिवसीय शतकं त्याच्या नावावर आहेत, तरी सगळे आले की त्याचं स्थान डळमळतं. या तीन सामन्यांत त्याला वर खेळायला मिळेल. युवराजला आशिया चषकात वगळलं होतं. पाच वर्षांपूर्वी अशी वेळ त्याच्यावर येईल असं कोणी म्हटलं असतं तर आपण हसलो असतो. फातोर्ड्याला त्याचं शतक आहे, हे त्याला आठवत असेल का? मुरली विजय आहे, रैना आहे, अश्विन आहे. शिखर धवन आहे. २००४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात ५०५ धावा करून तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तेव्हापासून सहा वर्षं तो दाराबाहेर उभा आहे. मुंबई इंडियन्सचा सौरभ तिवारीही पहिल्या सामन्याची वाट बघतो आहे.

आणि हे सगळे जण एकाच गोष्टीसाठी खेळतील. विश्वचषकाच्या संघात पंधरा जागा आहेत. सचिन, सेहवाग, गंभीर, झहीर, हरभजन आणि धोनी ही सहा नावं लिहून ठेवा. उरल्या नऊ. या नऊंसाठी जे भांडण आहे, ते कोची, विशाखापट्टणम आणि फातोर्ड्याला होणार आहे. जो सचिन आधीच संघात आहे, त्याच्या एका डावाने त्याचं आयुष्य बदलणार नाही. धवनचं किंवा तिवारीचं बदलू शकतं. म्हणूनच मी या मालिकेला नुसता सराव म्हणायला तयार नाही.

माझा अंदाज विचाराल, तर पारडं आपलं जड आहे, पण थोडंसंच. आपली फलंदाजी तरुण असली तरी या खेळपट्ट्या तिच्या पायाखालच्या आहेत, आणि धोनी डोकं शांत ठेवतो. ऑस्ट्रेलियाची मधली फळी अनुभवी आहे, गोलंदाजी कच्ची. त्यामुळे त्यांनी आधी फलंदाजी करून २८०-२९० केल्या तरी आपला पाठलाग रंगेल असं वाटतं.

फातोर्डा आणि पाऊस

जे बाहेरगावाहून येणार आहेत त्यांच्यासाठी थोडं मैदानाविषयी. फातोर्डा हे मुळात फुटबॉलचं मैदान. १९८९ मध्ये नेहरू चषकातल्या ऑस्ट्रेलिया-श्रीलंका सामन्याने इथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेट आलं. ऑस्ट्रेलियाला इथल्या आठवणी बऱ्या असणार. ६ एप्रिल २००१ ला पाच सामन्यांची मालिका २-२ अशी बरोबरीत असताना शेवटचा सामना इथेच झाला. लक्ष्मणचं शतक, आपल्या २६५ धावा, मग गिलख्रिस्टचा तडाखा आणि शेवटपर्यंत उभा राहिलेला बेव्हन, नाबाद ८७. मालिका त्यांनी नेली.

काळजी एकच आहे, पावसाची. आपल्याकडचा पाऊस दसऱ्याला निरोप घेतो असं म्हणतात, पण उंबऱ्यात उभं राहून गप्पा मारत बसण्याची त्याला सवय आहे. दुपारी ढग भरून येतात, संध्याकाळी गडगडतं. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडिज-न्यूझीलंड सामना इथे निकालाविनाच संपला होता. नियम साधा आहे. निकाल लागायला दोन्ही संघांना किमान वीस-वीस षटकं खेळायला मिळावी लागतात. म्हणजे थोडा पाऊस आला तरी आशा सोडू नका. आणि तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

या वेळी रविवार आहे

मामांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. आयुष्यभर क्रिकेट खेळलेल्या या माणसाने एकही आंतरराष्ट्रीय सामना मैदानावर बसून पाहिलेला नाही. २००१ चा सामना शुक्रवारी होता, २००६ चा सोमवारी, २००७ चा बुधवारी. दुकान बंद ठेवणं त्यांना जमलं नाही. बेव्हनची ती खेळी त्यांनी काउंटरवर रेडिओ ठेवून ऐकली, गिऱ्हाइकांना साखर मोजून देता देता. त्या वेळी दोन्ही संघांत मोठी नावं होती. मामा तेवढे नव्हते.

या वेळी रविवार आहे. शुक्रवारी कोजागिरी, पेडण्याची पुनव. ती झाली की शनिवारी दुपारी ते दुकानाला कुलूप लावून निघतील. तेरेखोल नदी फेरीबोटीने, पुढे चोपडे-शिवोलीच्या पुलावरून शापोरा नदी, म्हापशावरून पणजीला येताना मांडवी. रात्री आमच्याकडे मुक्काम. रविवारी सकाळी आम्ही तिघं जुवारी ओलांडून फातोर्ड्याला. चार नद्या होतात. दसऱ्याच्या आठवड्यात एवढं सीमोल्लंघन पुरेसं आहे.

काल रात्री त्यांचा फोन आला होता. संघाची चौकशी त्यांनी केली नाही. एवढंच विचारलं, की स्टेडियमवर डबा न्यायला देतात का, आणि छत्री लहान आणू की मोठी.

मुलीने फोन घेतला. म्हणाली, ‘‘मामाआजोबा, छत्री मोठी आणा. आणि डीप मिडविकेटच्या बाजूला बसूया.’’